नोकरीच्या ऑनलाइन अर्जातल्या अपेक्षित पगाराच्या रकान्यात काय लिहायचं?

या पदाला साधारण किती मिळतं, हे तुम्ही जाहिराती चाळून आणि त्याच कामातल्या दोघा-तिघांना विचारून काढलेलं असणार. नसेल काढलं तर आधी ते करा, फॉर्म कुठे पळून जात नाही.

जाहिरातीत पगाराची मर्यादा दिली असेल तर तिच्यात बसणारा, वरच्या टोकाकडचा आकडा टाका. रकाना ऐच्छिक असेल तर मोकळा सोडा. शब्द चालत असतील तर 'कामाचं स्वरूप कळल्यावर बोलू' एवढं पुरे.

गोची होते ती तारांकित, म्हणजे भरावाच लागणाऱ्या रकान्यात. अक्षर टाकलं की लाल होतो, स्वल्पविराम टाकला तरी लाल होतो आणि रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही. इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'शून्य टाक' किंवा 'एक टाक'. अजिबात ऐकू नका. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. पगाराची किमान-कमाल लावलेली असेल तर तुमचं शून्य परस्पर गळतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

खरा आकडा टाका. त्याआधी दोन आकडे कागदावर लिहा: ज्याच्या खाली ही नोकरी नकोच तो, आणि ज्यावर खुशीने सही कराल तो. रकान्यात जायचा तो दुसऱ्याच्या थोडा वरचा, कारण बोलणी तिथून खालीच सरकतात. बोलण्यात सगळ्यात आधी पुढे आलेला आकडा पुढच्या सगळ्या हिशेबाला आपल्याकडे ओढतो. टवर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेला प्रयोग बघा. चाक फिरवलं की १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली. मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं उत्तर) २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चाकाचा प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. तुमच्या आकड्याचा तर आहे.

'सध्याच्या पगारावर अमुक टक्के' हा हिशेब मला मुळीच पटत नाही. आधीच्या ठिकाणी कमी मिळत असेल, तर तो कमीपणा तुम्ही स्वतःच पुढच्या नोकरीत उचलून नेता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ऑफर देण्याआधी मागचा पगार विचारायला मालकांना मनाई करणारा कायदा २०१६ मध्ये केला, तो उगाच नाही. नव्या कामाची किंमत सांगा, जुन्याची नको.

'इतके ते इतके' लिहायची मुभा असेल तर खालचा आकडा जपून लिहा. वाचणारा तोच उचलतो. केवळ नम्र दिसावं म्हणून तो खाली आणलात, तर ऑफर तिथेच येईल आणि कुरकुरायला तोंड राहणार नाही.

आता रकान्याचं लेबल पुन्हा वाचा. महिन्याचा की वर्षाचा? कापून हातात येणारा की एकूण? बोनस धरून की सोडून? मासिक आकडा वार्षिक रकान्यात पडला की चांगला अर्जही वाया जातो. शून्यं मोजा, मगच सबमिट करा.

आणि टाकलेला आकडा कुठेतरी टिपून ठेवा. फोन येईपर्यंत आणखी चार अर्ज गेलेले असतात, आणि समोरच्याच्या स्क्रीनवर मात्र तुमचा आकडा उघडा असतो.