आवणीआधी उरकायची कागदपत्रे: ठाणे जिल्ह्यातील भातशेतकऱ्यांसाठी

रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भाताचा दाणा पडला की आवणीपर्यंत, म्हणजे रोपांच्या लावणीपर्यंत, तीन-साडेतीन आठवडे हाताशी असतात. शहापूर, मुरबाडकडे या दिवसांत बांधबंदिस्ती, घर शाकारणे, सरपण आत घेणे यातच माणूस गुंतलेला असतो, हे खरे. तरी त्यातले एक-दोन दिवस तहसील आणि सेवा केंद्रासाठी काढाच. चिखलणी सुरू झाली की दसऱ्यापर्यंत कागदाकडे बघायला कोणाला सवड नसते, आणि सरकारी पैशाच्या बहुतेक तारखा नेमक्या त्याच काळात येतात.

हा पैसा किरकोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी साधा हिशेब मांडावा. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला 6000 आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे 6000, मिळून 12,000 रुपये. हे पैसे क्षेत्रावर ठरत नाहीत. वीस गुंठेवाल्याला तेवढेच, चार एकरवाल्यालाही तेवढेच. वीस गुंठ्यांत पाच क्विंटल भात धरला, तर 2025-26 च्या 2369 रुपये हमीभावाने त्याचे 11,845 रुपये होतात, आणि त्यातून अजून मजुरी, खत, नांगरट जायची असते. म्हणजे ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) राहिली म्हणून हप्ते अडले, तर अख्ख्या वीस गुंठ्यांचे पीक न कापताच गेले. आपल्याकडे अनेकांची खाचरे एवढीच आहेत.

नमोची यादी पीएम किसानच्याच यादीवर चालते, त्यामुळे एक अडले की दुसरेही अडते. बँक खाते आधारला जोडलेले आहे का आणि ई-केवायसी झाली आहे का, हे बघून घ्या. शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा, एप्रिल 2025 पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. खरी गाठ मात्र सातबाऱ्यात बसते. आजोबा वारून वर्षे झाली, सातबाऱ्यावर नाव त्यांचेच, खाली काका-आत्या धरून पंधरा जण सामाईक. अशा खात्यावर ओळख क्रमांक निघत नाही, कर्ज मिळत नाही, फळबागेची मंजुरी अडते. वारस नोंदीचा अर्ज आजच तलाठ्याकडे द्या. फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) पडला तरी नोटिशीचे पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकाऱ्याची सही. वाटपावरून भाऊबंदकी असली तरी वारस नोंद आधी होऊ द्या. तिने वाटप होत नाही, कोणाचा हिस्साही कमी होत नाही.

भिवंडी, कल्याण, अंबरनाथकडच्या मंडळींसाठी एक वेगळी सूचना. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, पण पती-पत्नीपैकी एकाने जरी गेल्या आकारणी वर्षात प्राप्तिकर भरला असेल, तरी त्या कुटुंबाला पीएम किसान मिळत नाही, आणि घेतलेले हप्ते वसूल होतात. इथे घरटी एक जण गोदामात नाहीतर कंपनीत, त्यामुळे हे आपल्याला इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त लागू पडते. वेगळा खातेदार असलेल्या सज्ञान मुलाच्या पगाराचा आईबापाच्या हप्त्याशी संबंध नाही, हेही ध्यानात असू द्या. दुसरी बाब जमीन विकण्याची. पालिका हद्दीतली किंवा हद्दीपासून ठरावीक अंतरातली (लोकसंख्येनुसार 2, 6 किंवा 8 किलोमीटर) शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. विसार घेण्याआधीच सनदी लेखापालाला भेटा. दलाल हे सांगणार नाही.

आता पीक विमा. एक रुपयातला विमा खरीप 2025 पासून बंद झाला. खरिपात विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत हप्ता आपल्याला भरावा लागतो. मुदत साधारण 31 जुलै, म्हणजे ऐन आवणीत. 2025 पासून भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर, ठरू लागली. तेव्हा एकट्याचे खाचर काळू-भातसाईच्या पुरात गेले म्हणून विमा मिळेल असे गृहीत धरू नका. स्थानिक नुकसानीचे कलम यंदा जिल्ह्याला लागू आहे का, ते अर्ज भरतानाच विचारा. माझे मत विचाराल तर सखल जमीनवाल्याने विमा घ्यावा, पण त्याच्या भरवशावर सोसायटीचे कर्ज वाढवू नये. पीक कर्ज तीन लाखांपर्यंत मुदतीत फेडले तर व्याज सवलतींमुळे ते बिनव्याजी पडते, हा त्याहून रोकडा फायदा.

ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी, म्हणजे आपल्या पिकाची सातबाऱ्यावर स्वतः केलेली नोंद. शेतात उभे राहून मोबाईलवर पिकाचा फोटो घ्यायचा. डोळखांब, टोकावड्याकडे रेंज मिळत नसेल तर फोटो शेतात घ्या आणि रेंजमध्ये आल्यावर माहिती पाठवा. चूक झाली तर 48 तासांत एकदा दुरुस्ती करता येते. पाहणी चुकली की सातबाऱ्यावर भात दिसत नाही. मग आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर नोंदणी नाही आणि हेक्टरी बोनसही नाही. 2024-25 ला तो हेक्टरी 20,000 होता, दोन हेक्टरच्या मर्यादेत. बोनस दर वर्षी नव्याने जाहीर होतो, म्हणून उधारी त्याच्यावर ठरवू नका. केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांच्या वर चालत नाही, तेव्हा झोडणी झाल्यावर दोन चांगली उन्हे द्या आणि मगच पोती भरा. भातानंतर भेंडी, काकडी, वाल घेणाऱ्यांनी रब्बीची पाहणी वेगळी करायची आहे.

अवजारांच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज करा. सोडत बंद होऊन आता आधी येणाऱ्याला आधी लाभ आहे. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, तेही ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेत. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र उचलू नका, बिल आधीच्या तारखेचे निघाले की अनुदान गेले. पूर्ण रक्कम आधी स्वतः भरावी लागते, हे विक्रेता हळूच सांगतो. एक-दोन एकरांसाठी एकट्याने पॉवर टिलर घेणे मला पटत नाही. चार घरांनी मिळून घ्यावा नाहीतर भाड्याने आणावा. ठिबकचे मात्र वेगळे आहे. तिथे अल्पभूधारकाला 80 टक्क्यांपर्यंत मिळतात आणि भेंडीवाल्याला पाण्याचा प्रश्न मार्चमध्येच सुरू होतो.

वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी उताराची, जमीन पडून असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत आंबा-काजू लावा. कोकणात किमान 10 गुंठ्यांवर लाभ मिळतो, घाटावर 20 लागतात. पैसे तीन वर्षांत 50, 30, 20 टक्के असे येतात, पण पुढचे हप्ते झाडे जगली तरच: पहिल्या वर्षी 80 टक्के, दुसऱ्या वर्षी 90 टक्के. आपल्याकडे कलमे पावसात मरत नाहीत, वणव्यात आणि मोकाट गुरांच्या तोंडी मरतात. दिवाळीनंतर कुंपण, आणि होळीआधी बागेभोवती गवत कापून जाळरेषा काढली तरच पुढचा हप्ता हाती पडेल.

पावसात साप, वीज आणि मोटारीचा शॉक यांचे भय असतेच. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत शेतकरी किंवा कुटुंबातल्या एका सदस्याच्या अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, सर्पदंशही त्यात बसतो. प्रस्ताव 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावा लागतो. साप चावलेल्याला भगताकडे नेले तर जीवही जातो आणि दवाखान्याचा कागदही होत नाही. थेट सरकारी रुग्णालय गाठा, आणि केसपेपरवर सर्पदंश असे लिहिले आहे का ते तिथेच वाचून घ्या.