खटला चालवणाऱ्या न्यायाधीशावर व्याख्यान कसे बांधावे: जोसेलिन सोलिस-रेयेस

इंदुरातल्या एखाद्या मराठी वाचनमंडळात किंवा लॉच्या विद्यार्थ्यांपुढे तासाभराचे व्याख्यान द्यायचे असेल, तर फिलिपिन्सच्या न्यायाधीश जोसेलिन सोलिस-रेयेस हा विषय जरूर घ्या. मागिंदानाओ हत्याकांडाचा खटला त्यांनी दहा वर्षे चालवला आणि देशातल्या एका अत्यंत बलाढ्य राजकीय घराण्यातल्या माणसांना शिक्षा सुनावली. ‘निर्भीड’, ‘बाणेदार’ या शब्दांवर तास मात्र निघत नाही. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाचे धैर्य जामिनाच्या आदेशात, साक्षीदाराला नीट बोलू देण्यात आणि पुढची तारीख वेळेवर देण्यात असते. म्हणून व्याख्यान आदेशांवर बांधा. तयारीला दोन महिने ठेवा.

आधी त्यांचे कोर्ट श्रोत्यांच्या ओळखीच्या कोर्टाशी जोडून द्या. केसोन सिटीचे रीजनल ट्रायल कोर्ट, शाखा २२१, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या पातळीचे कोर्ट. तिथे ज्युरी नाही. साक्षीदार खरे बोलतो की खोटे, हे एकटे न्यायाधीश ठरवतात आणि निकालावर त्यांचीच सही असते. कोणता खटला कोणत्या शाखेकडे जायचा हे सोडतीने ठरते. या तीन गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत सांगा. त्या राहिल्या की श्रोते सुप्रीम कोर्टाचे चित्र मनात धरतात आणि ‘पाच जणांच्या पीठात मतभेद झाले का’ असे प्रश्न येऊ लागतात.

मग घटना. याला आठ मिनिटे पुरेत, दहाच्या वर जाऊ नका. २३ नोव्हेंबर २००९ रोजी एस्माएल मांगुदादातू यांचा मागिंदानाओ प्रांताच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीचा अर्ज भरायला गाड्यांचा ताफा शरीफ अगुआककडे निघाला होता. बायकांना कोणी हात लावणार नाही अशा समजुतीने त्यांनी पत्नीला आणि बहिणींना पुढे केले होते, सोबत पत्रकार होते. ताफा वाटेत अडवून डोंगराकडे नेला आणि ५८ जणांना ठार केले. त्यांत ३२ पत्रकार आणि माध्यमकर्मी होते. मृतदेह आणि गाड्या पुरण्यासाठी माती उकरण्याचे यंत्र आणले होते. इतके पुरे. मृतदेहांची छायाचित्रे पडद्यावर दाखवू नका, कारण त्यानंतरचा अर्धा तास श्रोत्यांचे लक्ष न्यायाधीशाकडे परत येत नाही.

नावांचा घोळ मात्र हमखास होतो. अम्पातुआन हे आरोपींच्या घराण्याचे नाव आहे आणि ज्या गावाच्या हद्दीत हत्या झाल्या त्या गावाचेही. अंदाल अम्पातुआन दोन आहेत, बाप आणि मुलगा. बाप निकालाआधीच, जुलै २०१५ मध्ये, कैदेत असताना आजाराने वारला. त्यामुळे ‘अंदालला शिक्षा झाली’ असे मोघम म्हटले तर वाक्य अर्धे चुकते. झाल्दी आणि साजिद ही धाकट्या अंदालच्या दोन भावांची नावेही फळ्यावर हवीत. घराण्यातली चार, मांगुदादातू आणि न्यायाधीश, अशी एकूण सहा नावे देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका. मिंदानाओ बेटाचा नकाशा त्याच्या शेजारी लावा. हत्या दक्षिणेला मिंदानाओत झाल्या आणि खटला उत्तरेला राजधानीच्या परिसरात चालला, हे नकाशाशिवाय ध्यानात येत नाही. त्या भागात आरोपींचे वजन होते म्हणून सुप्रीम कोर्टाने खटला केसोन सिटीला हलवला होता.

आता सोडत. पहिल्या सोडतीत हा खटला दुसऱ्या न्यायाधीशांकडे गेला होता. त्यांनी कुटुंबाच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचे कारण देऊन तो नाकारला. पुन्हा सोडत झाली आणि सोलिस-रेयेस यांचे नाव निघाले. त्यांनी खटला घेतला. इथे पहिल्या न्यायाधीशांना भित्रे ठरवण्याचा मोह होईल, तो आवरा. पुढे या खटल्यातल्या साक्षीदारांच्याही हत्या झाल्या. भीती खरी होती, हे श्रोत्यांना कळले तरच दुसऱ्या न्यायाधीशांनी काय पत्करले ते कळेल.

व्याख्यानाचा गाभा ही दहा वर्षे आहेत. त्यांना वीस मिनिटे द्या. एकूण १९७ जणांवर आरोप ठेवले होते. सगळे एकदम पकडले गेले नाहीत. जसजसा कोणी हाती लागे, तसतसे त्याला आरोप वाचून दाखवावे लागत. त्यातच जामीन. तिथल्या कायद्यानुसार खुनासारख्या गुन्ह्यात पुरावा सबळ असेल तर जामीन नाही, आणि पुरावा सबळ आहे की नाही हे ठरवायला सुनावणीच घ्यावी लागते. आरोपींचे अर्ज एकामागून एक येत गेले आणि खटल्याची पहिली वर्षे त्यांतच गेली. आपल्याकडे पेशीवर पेशी पडते तेव्हा लोक न्यायाधीशाला दोष देतात, म्हणून हे कारण सावकाश समजावून सांगा. आरोपी इतके होते की सुनावण्या तागिगच्या बागोंग दिवा छावणीतल्या तुरुंगाच्या आवारात घेतल्या जात. हेही सांगा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

या टप्प्यातला एकच आदेश जवळून दाखवायचा असेल तर साजिद अम्पातुआनचा जामीन निवडा. जानेवारी २०१५ मध्ये न्यायाधीशांनी त्याला प्रत्येक खुनामागे २ लाख पेसो या हिशेबाने ५८ खुनांसाठी १ कोटी १६ लाख पेसोंवर जामीन दिला. मृतांच्या नातेवाइकांचा संताप झाला. निकालात मात्र हाच साजिद निर्दोष सुटला. हा हिशेब फळ्यावर मांडा आणि थांबा. घराण्याला घाबरून जामीन दिला की लोकांच्या रोषाला न घाबरता, हा प्रश्न श्रोत्यांना पडू द्या. निकालात त्यांनी त्याच घराण्यातल्या कोणाला काय शिक्षा दिली हे पुढे आले की उत्तर त्यांचे त्यांनाच सापडते. आमच्या मते सोलिस-रेयेस यांची खरी उंची इथे दिसते. शिक्षेपेक्षा हा आदेश जास्त समजावून सांगायला हवा.

आता निकालपत्र. १९ डिसेंबर २०१९ चा हा निकाल ७६१ पानांचा आणि इंग्रजीत आहे. रोज २० पाने म्हटली तरी ३८ दिवस लागतात. दोन महिन्यांची मुदत सांगितली ती यासाठीच. पान १ पासून सुरू केले तर बहुतेक जण साक्षींच्या सारांशातच अडकतात आणि सोडून देतात. उलट क्रमाने वाचा. आधी शेवटचा आदेश, म्हणजे कोणाला काय शिक्षा झाली ते. त्यावरून एक तक्ता करा: आरोपी, आरोप, निष्कर्ष, कारण. मग प्रत्येक निष्कर्षाचे कारण मागे जाऊन शोधा. कारणाचा रकाना भरला नाही तर ते नाव व्याख्यानात घेऊ नका.

तक्त्याची बेरीज अशी येते. २८ जण मुख्य आरोपी म्हणून ५७ खुनांसाठी दोषी ठरले, त्यांत अंदाल धाकटा आणि झाल्दी. शिक्षा रेक्लुसिओन पर्पेतुआ, म्हणजे साधारण आपल्या जन्मठेपेसारखी दीर्घ कैद, पॅरोलशिवाय. प्रत्यक्ष कैदेची कमाल मर्यादा तिथे ४० वर्षे आहे. १५ जणांना गुन्ह्यानंतरच्या साहाय्याबद्दल ६ वर्षे ते १० वर्षे ८ महिने अशी शिक्षा झाली. पन्नासहून अधिक जण सुटले. सुटलेल्यांचा आकडा अनेक वक्ते गाळतात, कारण त्याने गोष्टीची धार कमी होईल असे त्यांना वाटते. तो आवर्जून सांगा. जी न्यायाधीश सरसकट सगळ्यांना दोषी ठरवते, तिच्या धैर्यावर व्याख्यान करता येणार नाही.

५८ मृत आणि ५७ खून, ही तफावत चाणाक्ष श्रोता लगेच पकडतो. अट्ठावन्नावे होते छायाचित्रकार रेनाल्दो मोमाय. त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही, दातांची कवळी सापडली. तेवढ्यावरून त्यांचा खून सिद्ध होत नाही असे कोर्टाने म्हटले. कुटुंबाला हे फार लागले आणि ते अपिलात गेले. आकडा सांगताना ‘५८ ठार, ५७ खुनांबद्दल शिक्षा’ असेच पूर्ण वाक्य म्हणा.

इंदुरात एक अडचण खास येते. न्याय म्हटला की कोणीतरी अहिल्याबाईंनी मुलाला हत्तीच्या पायी देण्याचा हुकूम दिल्याची कथा काढणारच. ती दंतकथा आहे. मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले. अहिल्याबाईंविषयीचा आदर राखून हे आधीच सांगून टाका. रामशास्त्री प्रभुण्यांचा दाखला जास्त जुळतो, कारण नारायणरावांच्या खुनाचा ठपका त्यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांवरच ठेवला. पण तोही दोन वाक्यांत आटपा. रामशास्त्र्यांनी पद सोडले, सोलिस-रेयेस दहा वर्षे खुर्चीवर टिकून राहिल्या. दोन्ही कृतींना वेगळे बळ लागते, एकाच मापाने मोजू नका.

वारसा सांगायला पाच मिनिटे ठेवा आणि त्यांत त्याच पातळीवरचे आणखी दोन निकाल घ्या. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी कालोओकानच्या कोर्टाने १७ वर्षांच्या किआन देलोस सांतोसच्या खुनाबद्दल तीन पोलिसांना दोषी ठरवले. अमली पदार्थविरोधी मोहीम ऐन भरात असतानाचा हा निकाल. सप्टेंबर २०२२ मध्ये मनिलाच्या न्यायाधीश मार्लो मागदोसा-मालागार यांनी कम्युनिस्ट पक्षाला दहशतवादी ठरवण्याचा सरकारी अर्ज फेटाळला. त्यावरून एका माजी सरकारी अधिकारी महिलेने त्यांच्यावर जाहीर आगपाखड केली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेऊन तिला २०२३ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल ३० हजार पेसो दंड केला. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या पाठीशी वरचे कोर्ट कसे उभे राहते, याचे हे ठळक उदाहरण.

उरलेली बारा मिनिटे प्रश्नांना. तीन प्रश्न ठरलेले आहेत, उत्तरे तयार ठेवा. फाशी का नाही? फिलिपिन्सने २००६ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली. दहा वर्षे का लागली? आरोपींची संख्या, टप्प्याटप्प्याने झालेल्या अटका, जामिनाचे अर्ज आणि प्रत्येक आरोपीच्या वकिलाचा उलटतपासणीचा हक्क. सगळे पकडले गेले का? नाही, निकालाच्या वेळी सुमारे ८० जण फरार होते. वकील श्रोते असतील तर अपिलांचा प्रश्न येईलच, म्हणून व्याख्यानाच्या आदल्या दिवशी ताज्या बातम्या पाहून त्या तक्त्याखाली तारखेसह लिहून ठेवा.