किनाऱ्यावरच्या गाडीत म्युझिक सिस्टिम बसवण्याआधी: वायर निवडीच्या तयारीची यादी

गाडीत अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवायचे ठरले की सगळा विचार स्पीकरच्या कंपनीचा आणि वॅटच्या आकड्याचा होतो, वायर मात्र फिटर जी लावेल ती चालते. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशा समुद्राला लागून असलेल्या गावांत ही पद्धत महागात पडते. इथल्या हवेत मीठ आहे, पावसाळ्यात गाडीतल्या मॅटखालची ओल आठवडेच्या आठवडे जात नाही, आणि वायरच्या टोकाशी जिथे तांबे उघडे राहते तिथूनच बिघाडाला सुरुवात होते. म्हणून पुढची तयारी दुकानात पाऊल ठेवण्याआधी घरीच करावी आणि हिशेब कागदावर लिहून सोबत न्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांत आधी करंट काढावा. अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘मॅक्स’ वॅटचा आकडा बाजूला ठेवावा आणि माहितीपत्रकात दिलेला आरएमएस, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा, वॅटचा आकडा घ्यावा. क्लास एबी प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात घेतलेल्या विजेपैकी साधारण निम्मीच आवाजात उतरवतो आणि उरलेली उष्णतेत घालवतो, तर क्लास डी प्रकारचा सुमारे ८० टक्के उतरवतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ व्होल्ट मिळतात. चार दारांसाठी प्रत्येकी ५० वॅटचा क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तर २०० वॅट आवाजासाठी तो ४०० वॅट ओढेल, म्हणजे सुमारे २९ अँपिअर. सबवूफरसाठी ५०० वॅटचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर ६२५ वॅट, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर ओढेल. दोन्ही मिळून ७४ अँपिअर झाले. गाणे वाजताना सरासरी करंट याहून पुष्कळ कमी असतो, पण वायर आणि फ्यूज ठरवताना पूर्ण आकडाच धरावा.

हा आकडा हाती आला की गाडीच्या अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राची, क्षमता पाहावी. आषाढातल्या रात्री आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढताना हेडलाइट, वायपर, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर एकाच वेळी चालू असतात, आणि गाडीचा वेग कमी असल्यामुळे अल्टरनेटरही पूर्ण क्षमतेने वीज देत नसतो. लहान हॅचबॅकमध्ये ७४ अँपिअरची मागणी अशा वेळी बॅटरीवर पडते, आणि कितीही जाड वायर घातली तरी नसलेली वीज ती आणू शकत नाही. अशा गाडीसाठी लहान अ‍ॅम्प्लिफायर निवडणे मला अधिक योग्य वाटते.

त्यानंतर लांबी मोजावी. बॅटरीपासून डिकीपर्यंतचे सरळ अंतर न घेता, बॉनेटखालून, फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या) छिद्रातून, दाराच्या उंबऱ्यालगतच्या पट्टीखालून आणि मागच्या सीटच्या कडेने वायर जशी जाईल तशी सुतळी टाकून पाहावी आणि ती सुतळी मोजावी. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांत हे अंतर पाच मीटरच्या आसपास येते. वर थोडी वायर टोकांसाठी धरावी, पण उरलेल्या वायरचे वेटोळे करून सीटखाली ठेवू नये.

आता जाडी ठरवता येते. शुद्ध तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांबीच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. या आकड्याला लांबीने गुणावे, जाडीने भागावे आणि करंटने गुणावे, की वाटेत किती व्होल्ट गळतील ते कळते. पाच मीटर लांबी आणि ७४ अँपिअर धरले, तर १६ स्क्वेअरच्या (म्हणजे १६ चौरस मिलिमीटरच्या) वायरीत ०.४ व्होल्ट आणि २५ स्क्वेअरच्या वायरीत सुमारे ०.२५ व्होल्ट गळतात. अर्थिंगची (अ‍ॅम्प्लिफायरचे ऋण टोक गाडीच्या बॉडीला जोडणारी) बाजू आणि सांधे मिळून एकूण गळती अर्ध्या व्होल्टच्या आत ठेवायची असेल, तर या उदाहरणात २५ स्क्वेअर घेणे शहाणपणाचे. केवळ दारांच्या स्पीकरचा २९ अँपिअरचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर १० स्क्वेअरमध्येही पाव व्होल्टच जातो, आणि तेवढे पुरे आहे.

ऑडिओच्या दुकानांत मात्र वायर गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड असते. ८ गेज म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर, ४ गेज म्हणजे सुमारे २१ आणि शून्य गेज म्हणजे सुमारे ५३, एवढे कागदावर टिपून ठेवावे. तयार किटमधल्या वायरीवर ४ गेज छापलेले असले तरी त्यावर विसंबू नये, कारण स्वस्त किटमध्ये आवरण जाड आणि आतली धातू थोडी असा प्रकार सर्रास असतो. दुकानदाराला टोक सोलून दाखवायला सांगावे आणि तारांचा जुडगा उघड्या डोळ्यांनी पाहावा.

धातूची निवड हा या यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. स्वस्त किटमधली वायर बहुधा सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली असते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, त्यामुळे २५ स्क्वेअरची सीसीए वायर शुद्ध तांब्याच्या १६ स्क्वेअरएवढेच काम करते. देशावरच्या कोरड्या हवेत एक माप मोठे घेऊन हे भरून काढता येईल, पण किनाऱ्यावर मी सीसीए मुळीच सुचवणार नाही. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्यामध्ये खारट ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते, आणि कापलेल्या प्रत्येक टोकाशी हे दोन धातू उघडे पडलेलेच असतात. लगमध्ये, म्हणजे बोल्टला जोडण्यासाठी वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणात, दाबलेल्या त्या टोकाची पांढरी भुकटी होते, सांध्याचा रोध वाढतो, सांधा तापतो आणि तापल्याने आणखी सैल होतो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने नियमित ये-जा करणाऱ्या, अथवा बंदराजवळ उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत तर हे होणारच असे धरून चालावे.

किनाऱ्यासाठी उत्तम वायर म्हणजे प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा असलेल्या शुद्ध तांब्याची. कथिलामुळे तांब्यावर हिरवा कळंक सहजी चढत नाही, आणि याच कारणाने बोटींच्या वायरिंगसाठी अशी वायर शिफारस केली जाते. गाडीच्या ऑडिओच्या दुकानात ती मिळाली नाही, तर मिरकरवाडा, हर्णे, मालवण अशा बंदरांजवळ बोटींचे विजेचे सामान विकणाऱ्यांकडे विचारणा करावी. ती साध्या तांब्याहून महाग असते, पण बॉनेटखालचा भाग आणि अर्थिंगचा तुकडा एवढ्यासाठी तरी हा खर्च करावा, असे मला मनापासून वाटते. तीही न मिळाल्यास साधे शुद्ध तांबे चालेल. मात्र मग टोके बंद करण्याच्या कामात कोणतीही सवलत घेऊ नये.

फसगत टाळण्यासाठी एक लहान परीक्षा पुरेशी आहे. एक तार घेऊन ब्लेडने हलकेच खरवडावी. बाहेरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती सीसीए. बाहेरून पांढरी आणि आतून तांबूस निघाली तर ती कथिल चढवलेले तांबे. आतबाहेर तांबूस असेल तर साधे तांबे. पांढरी दिसते म्हणून चांगली वायर नाकारणारे आणि तांबूस दिसते म्हणून सीसीए घेणारे, दोघेही ही परीक्षा न केल्यानेच चुकतात. वजनही सांगते: तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते, त्यामुळे सारख्या जाडीची दोन वेटोळी हातात घेतली की फरक लगेच जाणवतो.

आवरणाबाबत थोडक्यात सांगायचे तर बारीक तारांची, सहज वळणारी आणि उष्णता व तेल सोसणारी वायर घ्यावी. घरगुती वायरिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असते. ती इंजिनाशेजारून नेऊ नये.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवावा. तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. म्हणून त्याचा आकडा वायर सुरक्षितपणे सोसेल त्यापेक्षा कधीही मोठा असू नये. वरच्या उदाहरणात २५ स्क्वेअरच्या तांब्यावर ८० अँपिअरचा फ्यूज योग्य ठरेल. फ्यूजचा होल्डर झाकणाचा आणि रबरी सीलचा घ्यावा, कारण बॉनेटखाली पावसाचे पाणी उडते.

अर्थिंगची वायर धन वायरीएवढीच जाड आणि शक्यतो अर्ध्या मीटरच्या आत असावी. डिकीत बॉडीच्या जाड पत्र्यावर जागा निवडावी, सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी वापरू नये. लगच्या आकाराएवढाच रंग घासून पत्रा चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळावा आणि मग उघडा राहिलेला सगळा भाग प्रायमर व रंगाने बंद करावा. हे शेवटचे काम फिटर घाईत सोडून देतात, आणि खाऱ्या हवेत उघड्या पत्र्यावर त्याच पावसाळ्यात गंज धरतो. पाणी साचते असा खोलगट भाग, विशेषतः स्टेपनीचा खड्डा, टाळावा. बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत अर्थिंग थेट त्या टोकाला कधीही जोडू नये, नाहीतर सेन्सरला अ‍ॅम्प्लिफायरचा करंट कळत नाही आणि चार्जिंगचे गणित चुकते.

टोकांसाठी वायरीच्या मापाचेच कथिल चढवलेले तांब्याचे लग घ्यावेत आणि ते पकडीने चेपण्याऐवजी योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने दाबून घ्यावेत. दाबल्यानंतर जोर लावून ओढून पाहावे. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी; तापवल्यावर कडेने गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की टोक बंद झाले असे समजावे. साध्या नळीत आणि इन्सुलेशन टेपमध्ये हवा व ओल दोन्ही शिरतात. उघड्या टोकातून शिरलेले पाणी तारांमधल्या फटींतून आवरणाच्या आत बरेच दूरवर जाते आणि आतले तांबे काळे पडते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या पुरासारख्या पाण्यात बुडालेली जुनी गाडी घेतली असेल, तर तिच्यातली आधीची ऑडिओ वायर वापरण्याचा मोह टाळावा.

वायर कोणत्या बाजूने न्यायची तेही आधीच ठरवावे. धन वायर ज्या बाजूने जाईल, तिच्या विरुद्ध बाजूने आरसीए केबल, म्हणजे स्टीरिओकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे आवाजाचा सिग्नल नेणारी वायर, न्यावी, म्हणजे इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी शिट्टी स्पीकरमध्ये येण्याची शक्यता कमी होते. पत्र्याच्या प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट हवाच. बॉनेटखालचा तुकडा फ्लेक्झिबल पाइपमधून न्यावा आणि पाइपची तोंडे बंद करावीत, कारण पावसाळ्यात उंदीर उबेसाठी इंजिनापाशी येतात आणि माडाखाली, गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीला हा त्रास हमखास होतो.

स्पीकरच्या वायरीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. चार ओहमच्या दाराच्या स्पीकरला पाच मीटरपर्यंत १.५ स्क्वेअर पुरते, दोन ओहमच्या सबवूफरला २.५ घ्यावी, आणि रिमोटच्या (स्टीरिओबरोबर अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करणाऱ्या) वायरीला ०.७५ पुष्कळ झाली. दाराच्या बिजागरीपाशी वायर कंपनीच्या मूळ रबरी नळीतूनच न्यावी, बाहेरून नेल्यास पाणी थेट आत येते. गाडीची मूळ वायर कापण्याऐवजी तयार कपलर वापरावा, म्हणजे वॉरंटीवरून वाद उद्भवत नाही.

काम झाल्यावर फिटरसमोरच मल्टिमीटर लावावा. इंजिन चालू आणि आवाज मोठा ठेवून बॅटरीवर किती व्होल्ट आहेत आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर किती आहेत ते पाहावे, आणि दोन्ही आकडे तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावेत. दिवाळीच्या सुमारास, पाऊस पूर्ण थांबल्यावर, त्याच आवाजात पुन्हा मोजावे. फरक वाढलेला आढळला तर आधी अर्थिंगचा बोल्ट, मग फ्यूजचा होल्डर आणि मग बॅटरीवरचा लग, या क्रमाने उघडून साफ करावेत; वायर बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.