चेंडू केळीत जायचा, त्याची गोष्ट

रावेरकडच्या आमच्या वावरात कपाशी उपटून झाली की मी मोकळ्यावर गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, मारतो. (गावाला हे येडच वाटतं.) उजव्या हाताने खेळतो, चेंडू दरवेळी उजवीकडे वळून शेजारच्या केळीत. सालदार म्हणे, "भाऊ, घड कापतील तव्हा बॉल बी निघतील."

शेवटी ड्रायव्हरच्या डोक्याखालचं सरकतं वजन बघितलं, तर ते पार टोकाकडे! स्क्रू ढिला करून टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला घेतलं. त्याने फटक्याच्या वेळी काठीचं तोंड लवकर मिटतं, म्हणजे डावीकडे वळतं. सोबतच्या पान्याने 'टक्' वाजेपर्यंतच आवळायचं, वर जोर नाही. वळण निम्मं कमी झालं. उरलेलं माझ्या मनगटाचं पाप.

खेळाची फेरी चालू असताना वजन हलवायला नियमात मनाई आहे, म्हणून आधीच ठरवून घेतो.