मिस्ट ५ : बारो पाटीवरची खूण ओळखत नसेल तर (माझा अनुभव)

सायन वर्ल्ड्स कंपनीचा ‘एंड ऑफ एजेस’ (२००५) हा मिस्ट या कोडी सोडवायच्या संगणक खेळांच्या मालिकेचा पाचवा आणि शेवटचा भाग. यात बारो नावाच्या प्राण्यांशी पाटीवर खुणा काढून बोलायचं असतं. खूण बरोबर वाटते, पाटी खाली ठेवली तरी काहीच घडत नाही, इथे बरेच जण अडकतात. बहुतेक वेळा उत्तर चुकलेलं नसतं, रेघ चुकलेली असते.

माउसचा वेग आधी कमी करा. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद केलं की हात जितका सरकतो तितकीच रेघ येते. हा एक बदल सगळ्यात उपयोगी ठरला. टचपॅडवर खुणा काढायच्या भानगडीत पडूच नका.

खूण मोठी काढा, पाटीचा बराचसा भाग व्यापेल एवढी. कोपऱ्यातल्या छोट्या आकृतीत थोडा हात हलला तरी प्रमाण बिघडतं. रेघ सलग ओढा. तुटली तर वरून गिरवू नका, सगळं पुसून नव्याने काढा. गिरवलेली जाड रेघ वेगळाच आकार होऊन बसते.

आठवणीवर विसंबू नका. खेळातल्या कॅमेऱ्याने मूळ खुणेचा फोटो घ्या, तो खेळातल्याच वहीत राहतो. मग ती खूण चौकटीच्या कागदावर उतरवा: वळण कुठल्या बाजूला आहे, रेघा कुठे छेदतात, कुठे नुसत्या टेकतात. आरशातल्यासारखी उलटी काढणं ही नेहमीची चूक.

आणि शिडी चढण्यापूर्वी पाटी खाली ठेवावी लागते, हे लक्षात असू द्या.