वेल्समधल्या इको-व्हिलेजमध्ये घर: परवानगी येईपर्यंत काय करावे

वेल्समध्ये गावाबाहेरच्या शेतजमिनीवर नवे घर सहसा बांधू देत नाहीत. त्यातून काढलेली एक वाट म्हणजे ‘वन प्लॅनेट डेव्हलपमेंट’. २०१० पासून तिथल्या नियोजन धोरणात ही तरतूद आहे. पाच वर्षांत अन्न, ऊर्जा, कचऱ्याची विल्हेवाट आणि किमान उत्पन्न या गरजा त्याच जमिनीवर भागवून दाखवायच्या, तर तिथे राहता येते. ही तरतूद येण्याआधीच्या, पेम्ब्रोकशरमधल्या लॅमस या इको-व्हिलेजला ७६ एकरांवर नऊ घरांची परवानगी आधी नाकारली गेली आणि ऑगस्ट २००९ मध्ये अपिलात मिळाली. तेव्हा थांबावे लागणार, हे धरूनच चाला.

कौन्सिलकडे (स्थानिक प्रशासनाकडे) अर्ज गेला की आधी तो वैध ठरल्याचे पत्र आले का, ते पाहा. कागद अपुरे असतील तर निर्णयाची आठ आठवड्यांची मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. जमीन वाय, अस्क किंवा टायवी नदीच्या पाणलोटात असेल तर सांडपाण्यातल्या, नदी बिघडवणाऱ्या फॉस्फेटचा प्रश्न निघणारच. २०२१ पासून त्यापायी तिथले बरेच अर्ज अडकले. तुमचे सांडपाणी कुठे मुरणार, याचे उत्तर तयार ठेवा.

मग शेजाऱ्यांना भेटा. हरकती नोंदवण्याची मुदत साधारण २१ दिवसांची असते. नोटीस वाचून धसका घेण्याआधी त्यांनी तुमच्याच तोंडून ऐकलेले बरे: गाड्या किती येतील, रस्ता कुठला वापराल, घर किती उंच असेल.

आता खरे काम, नोंदींची वही ठेवण्याचे. तुमचा आराखडा आकड्यांवर तपासला जातो. सुरुवातीला माणशी २.४ जागतिक हेक्टर (जगातल्या सरासरी सुपीकतेचे हेक्टर) एवढाच पर्यावरणीय ठसा, म्हणजे जगण्यासाठी लागणारी जमीन आणि पाणी, चालतो आणि पुढे तो १.८८ वर आणता येईल, हे पटवावे लागते. म्हणून झऱ्याखाली बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते, ते दर महिन्याला लिहा. ऐन उन्हाळ्यातला आकडा सर्वांत मोलाचा. पाऊस मोजा. मातीची तपासणी करून घ्या. झुडपांच्या वईत कोणते पक्षी घरटी करतात, ओलवणात काय फुलते, तेही टिपा. आज जमीन कशी होती हे लिहिलेलेच नसेल, तर उद्या ती सुधारली हे कशावरून सांगणार? भाजीचा एखादा वाफा लावून किती किलो निघाले, त्यातले किती विकले, तेही नोंदवा. माझ्या मते अंदाजाच्या दहा पानांपेक्षा एका हंगामाची अशी वही जास्त बोलते.

शेती करायला, झाडे लावायला हरकत नसते. पण पाया खणू नका आणि कॅरव्हान आणून मुक्काम ठोकू नका. आधी बांधून मग परवानगी मागणारेही आहेत, पण कारवाईची टांगती तलवार घेऊन लेकराबाळांसह राहणे फार जिकिरीचे असते. भाड्याच्या घराचे निदान दोन वर्षांचे पैसे बाजूला ठेवा.

आठ आठवडे उलटले तर अधिकाऱ्याला लेखी विचारा. त्याने मुदतवाढ मागितली आणि कारण पटले, तर नवी तारीख लेखी ठरवून द्या. निर्णय येतच नसेल किंवा नकार आला, तर सहा महिन्यांच्या आत अपील करता येते. ते वेल्स सरकारच्या नियोजन निर्णय विभागाकडे जाते. नकाराचे एकेक कारण समोर ठेवून वहीतल्या नोंदींनी उत्तर द्या.

होकार आला तरी त्याच दिवशी कुदळ मारू नका. कोणत्या अटी काम सुरू करण्याआधी पुऱ्या करायच्या, ते पत्रात पाहा. बांधकाम नियमांची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. आणि वही चालूच ठेवा, दरवर्षी कौन्सिलला द्यायचा अहवाल तिच्यातूनच लिहायचा आहे.