एका खरेदीत किती कॉम्प्युटर? छोट्या ऑफिससाठी लायसन्सचा हिशोब

सांगली-मिरज भागातल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. सीएंची ऑफिसं, पतसंस्था, छापखाने, आडत दुकानं. कुठे तीन कॉम्प्युटर, कुठे आठ. सगळीकडे एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, पैसे भरून घेतलंय ना, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर का टाकायचं नाही?" प्रत्येक सॉफ्टवेअरचं उत्तर वेगळं आहे आणि ते पैसे भरायच्या आधी माहीत असायला हवं. मी ते कसं तपासते ते सांगते.

सगळ्यात आधी कंपनी नेमकं काय मोजते ते बघायचं. कोणी कॉम्प्युटर मोजतं, कोणी माणूस, तर कोणी एका वेळी किती जण वापरतात ते. अँटिव्हायरसच्या पाकिटावर '३ युजर' लिहिलेलं असतं. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचं पाकीट घ्या, त्यावरचे तीन युजर म्हणजे तीन कॉम्प्युटर. एकाच टेबलावर सकाळी एक आणि दुपारी दुसरी मुलगी बसत असली तरी तिथे एकच धरला जातो. वर्ड-एक्सेल ज्यात येतात त्या मायक्रोसॉफ्ट ३६५ चा मामला उलटा. तिथे माणूस मोजतात. पर्सनल प्लॅन एका माणसाचा, आणि तो माणूस एका वेळी ५ उपकरणांवर साइन इन राहू शकतो. फॅमिली प्लॅन एकूण ६ जणांचा, प्रत्येकाला तीच सोय. हे वाचून कितीतरी ऑफिसं फॅमिली घेतात आणि सहा टेबलांवर वाटून टाकतात. तसं करू नका. पर्सनल आणि फॅमिली दोन्ही घरगुती वापरासाठी आहेत, धंद्यासाठी नाहीत. ऑफिसला बिझनेस प्लॅन घ्यावा लागतो, माणशी एक. त्यातही बिझनेस बेसिक घेतला तर वर्ड-एक्सेल फक्त ब्राउझरमध्ये चालतात, कॉम्प्युटरवर उतरवता येत नाहीत. कॉम्प्युटरवर टाकायचे असतील तर स्टँडर्ड बघा.

एकदाच पैसे भरून घेतलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०२१ किंवा २०२४ मात्र एका कॉम्प्युटरचंच. त्यात माणसं किती याचा संबंध नाही. २०२१ चं होम अँड स्टुडंट तर नावाप्रमाणे घरासाठी आणि विद्यार्थ्यांसाठीच आहे. दुकानाच्या काउंटरवर ते चालवणं नियमात बसत नाही, मग ते लॅपटॉपबरोबर आलेलं असलं तरी.

आता टॅली, म्हणजे हिशोब लिहायचं सॉफ्टवेअर. आमच्याकडे निम्मी चौकशी टॅलीचीच असते. टॅलीप्राइम सिल्व्हर म्हणजे एक कॉम्प्युटर. गोल्ड म्हणजे एकाच ऑफिसच्या नेटवर्कमधले हवे तेवढे कॉम्प्युटर. किमतीत मोठा फरक असल्यामुळे घ्यायच्या आधी एकच गोष्ट विचारायची: दोन माणसं एकाच वेळी टॅलीत बसणार आहेत का? एक जण सकाळी खरेदीच्या एंट्री करतो आणि दुसरा संध्याकाळी बँकेचं जुळवतो, असं असेल तर दोघांना एकाच टेबलावर आळीपाळीने बसवा, सिल्व्हर पुरतं. मार्चअखेरीला तिघं एकदम बसणार असतील तर गोल्डला पर्याय नाही. सिल्व्हर असताना दुसऱ्या कॉम्प्युटरवर टॅली टाकली तर ती उघडते, पण एज्युकेशनल मोडमध्ये. मग महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्री घेता येतात. "टॅली तारीख घेत नाहीये" असा फोन आला की मी आधी लायसन्सच बघते. गोल्डमध्ये लायसन्स एका मुख्य कॉम्प्युटरवर असतं आणि बाकीचे त्याच्याकडून घेतात. तो मुख्य कॉम्प्युटर बंद राहिला तर सगळ्या ऑफिसची टॅली एज्युकेशनल होते. म्हणून तो साहेबांच्या केबिनमध्ये ठेवू नका, साहेब दुपारी कुलूप लावून जातात. जो माणूस सगळ्यात आधी येतो त्याच्या टेबलावर ठेवा. (मालकांना घरून बघायचं असतं म्हणून एनीडेस्क टाकतात, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की त्याची फुकट आवृत्ती वैयक्तिक वापरापुरतीच आहे.)

छापखाने आणि डीटीपीवाल्यांचं गणित निराळं. फोटोशॉपवाल्या अ‍ॅडोबीचं एका माणसाचं सबस्क्रिप्शन दोन कॉम्प्युटरवर साइन इन ठेवता येतं, पण काम एका वेळी एकाच ठिकाणी करायचं. एकच डिझायनर दुकानात आणि घरी काम करत असेल तर ही सोय उत्तम. दोन डिझायनर असतील तर दोन सबस्क्रिप्शन. श्रीलिपीसारख्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक येतं. सॉफ्टवेअर चार कॉम्प्युटरवर टाकून ठेवलं तरी लॉक जिथे लागलंय तिथेच काम होतं. ते बोटभर लॉक हरवलं की सॉफ्टवेअर हरवल्यात जमा, म्हणून मी त्याला पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्याने बांधते, त्यावर दुकानाचं नाव लिहिते आणि लॉक कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये लावायला सांगते. पुढच्या पोर्टमध्ये असलं की पेनड्राइव्ह लावायला जागा नाही म्हणून कोणीतरी काढतं आणि ते ड्रॉवरच्या तळाशी जातं.

विंडोजबद्दल जरा सावकाश सांगते, कारण तिथे फसवणूक जास्त आहे. कॉम्प्युटरवर कोणतं लायसन्स आहे हे तुम्हाला स्वतःला दोन मिनिटांत बघता येतं. विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट येईल. त्यात एस, एल, एम, जी, आर ही इंग्रजी अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी, एल, आय. एंटर मारा आणि थांबा, खिडकी उघडायला थोडा वेळ लागतो. तिच्यात डिस्क्रिप्शनची ओळ शोधा. त्या ओळीच्या शेवटी 'ओईएम' दिसलं तर विंडोज त्या कॉम्प्युटरबरोबर आलेलं आहे आणि त्याच्याबरोबरच जाणार. नव्या कॉम्प्युटरवर ते नेता येत नाही. 'रिटेल' दिसलं तर ते लायसन्स जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतं, पण एका वेळी एकच. आणि तीन कॉम्प्युटरच्या दुकानात 'व्हॉल्यूम' दिसलं तर ताबडतोब बिल मागा. ते लायसन्स मोठ्या संस्थांसाठी असतं. त्यात 'केएमएस' अशी अक्षरं असतील तर तीच आज्ञा पुन्हा द्या, फक्त शेवटी एक्स, पी, आर टाइप करा. मुदतीची तारीख दिसेल. केएमएसचं अ‍ॅक्टिव्हेशन एका वेळी १८० दिवसांचं असतं, संस्थेचा सर्व्हर ते पुन्हा पुन्हा वाढवतो. तुमच्या दुकानात असा सर्व्हर नाही, म्हणजे कोणीतरी जुगाड करून ठेवलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सहाशे रुपयांत 'लाइफटाइम की' (विंडोज चालू करायचा कोड) मिळते ती बहुतेक वेळा याच जातीची असते. की चालते, पण लायसन्स तुमचं नसतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून जुने डबे बदलण्याची घाई सुरू आहे. बदलायच्या आधी ही तपासणी प्रत्येक कॉम्प्युटरवर करा. ओईएम असेल तर नव्या कॉम्प्युटरच्या कोटेशनमध्ये विंडोजची ओळ वेगळी लिहून घ्या. 'विंडोजसह' एवढ्या तोंडी शब्दावर भागवू नका. मदरबोर्ड बदलला तरी विंडोज त्याला नवा कॉम्प्युटर समजतं, हेही दुरुस्तीला देताना ध्यानात असू द्या.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लायसन्स कोणाच्या मेलवर आहे? किती कॉम्प्युटर चालतील, जुना काढून नवा कधी जोडायचा, हे सगळं ज्याच्या हातात ते मेल-खातं आहे त्याच्या हातात असतं. एका पतसंस्थेत लॅपटॉप घेतले, त्याबरोबर मायक्रोसॉफ्ट ऑफिस आलं होतं. विक्रेत्याच्या मुलाने घाईत ते स्वतःच्या मेलवर अ‍ॅक्टिव्हेट करून दिलं. पुढे लॅपटॉप फॉरमॅट झाले, ऑफिस परत टाकायला साइन इन मागितलं, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. पैसे संस्थेने भरलेले, लायसन्स अनोळखी माणसाच्या नावावर. मला याचा फार राग येतो, कारण टाळायला काहीच लागत नाही. संस्थेच्या किंवा दुकानाच्या नावाने एक मेल-खातं उघडा, त्याला मालकाचा किंवा सचिवांचा मोबाइल जोडा, आणि सगळी सॉफ्टवेअर त्याच खात्यावर घ्या. टॅली घेतानाही सिरियल नंबर, अ‍ॅक्टिव्हेशन की आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा मेल लागतो, आणि अनलॉक करायची की त्याच मेलवर येते. डीलर म्हणेल, "माझा टाकतो, पटकन होईल." नको म्हणा. दहा मिनिटं जास्त जाऊ देत.

बरोबरीने एक साधी वही ठेवा. सॉफ्टवेअरचं नाव, सिरियल नंबर, कोणत्या मेलवर, कोणत्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, मुदत कधी संपते, बिल कोणत्या फाइलला. बिल फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबरासह घ्या. पासवर्ड मात्र वहीत लिहू नका.

कॉम्प्युटर फॉरमॅट करायच्या, विकायच्या किंवा भंगारात द्यायच्या आधी लायसन्स सोडवून घ्यायचं. ही पायरी लोक हटकून विसरतात. टॅलीप्राइममध्ये एफ१ दाबून सेटिंग्ज, तिथून लायसन्स आणि मग सरेंडर. त्यासाठी इंटरनेट चालू हवं. क्विक हील आधी डीअ‍ॅक्टिव्हेट करून काढा, म्हणजे तीच की उरलेल्या मुदतीसाठी नव्या कॉम्प्युटरवर लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि अ‍ॅडोबीला खात्याच्या पानावर जाऊन जुन्या उपकरणातून साइन आउट करता येतं, त्यासाठी तो कॉम्प्युटर सुरू असण्याची गरज नाही. हार्डडिस्क अचानक गेली आणि टॅली सरेंडर करायची राहिली तर घाबरू नका. सिरियल नंबर आणि रजिस्टर केलेला मेल हाताशी असेल तर लायसन्स रीसेट करून मिळतं. नसेल तर मग डीलरच्या मागे फिरणं आलं.

कायद्याचंही थोडं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं, पण दुकान आणि ऑफिस म्हणजे धंदाच. त्याच कायद्यात कलम ५२ प्रमाणे, हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत ठेवायची मुभा आहे. ती कपाटात ठेवायची, दुसऱ्या टेबलावर चालवायची नाही.

आणि सगळ्या टेबलांना विकतचं लागतंच असं नाही. टॅली आणि कराचं फायलिंग जिथे होतं तिथे विकतचं मायक्रोसॉफ्ट ऑफिस द्या. आवक-जावक आणि पत्रं टाइप करणाऱ्या टेबलावर लिब्रेऑफिस टाका. ते धंद्यासाठीही फुकट आहे आणि कितीही कॉम्प्युटरवर चालतं. युनिकोड मराठी त्यात व्यवस्थित येते. फाइल दुसऱ्याला पाठवायची असेल तर सेव्ह करताना वर्डचा प्रकार निवडायला टाइपिस्टला पहिल्याच दिवशी शिकवा, नाहीतर समोरच्याकडून "उघडत नाही" म्हणून फोन येतो.